रियासतकारांनी काय ठेवले, काय वगळले

मराठ्यांच्या राज्याचा इतिहास नेमका किती पानांत सांगावा, या एकाच प्रश्नाशी गोविंद सखाराम सरदेसाई सुमारे साठ वर्षे झुंजत राहिले. प्रथम त्यांनी तो मराठीत आठ भागांत सांगितला. मग पाटण्याच्या विद्यार्थ्यांपुढे मोजक्या व्याख्यानांत सांगितला. त्यानंतर पेशव्यांच्या दफ्तरातील कागदांच्या डोंगरातून निवड करून पंचेचाळीस खंड काढले, आणि वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर तोच इतिहास इंग्रजीत तीन खंडांत नव्याने लिहिला. प्रत्येक वेळी काही आत आले, काही बाहेर गेले. रियासतकार या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु त्यांनी कोणत्या गोष्टी ठेवल्या आणि कोणत्या वगळल्या, याचा विचार त्या मानाने कमी होतो.

त्यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची होती. रत्नागिरीस शालेय शिक्षण, पुढे पुण्याचे फर्ग्युसन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय असा त्या काळच्या हुशार कोकणी मुलाचा नेहमीचा प्रवास करून ते १८८८ मध्ये पदवीधर झाले. १८८९ मध्ये बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाडांकडे त्यांना नोकरी मिळाली. पद होते रीडरचे. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे, त्यांची टिपणे काढणे, पुढे राजपुत्रांना शिकवणे, प्रवासात महाराजांसोबत राहणे अशी ही कामे. सयाजीरावांच्या बरोबर ते युरोपातही जाऊन आले. मॅकियाव्हेलीचा राज्यनीतीवरील ग्रंथ आणि इंग्लंडच्या विस्तारावरील सीलीचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणले, तेही याच सुरुवातीच्या वर्षांत.

इतिहासकार होण्याचा त्यांचा मानस होता असे दिसत नाही. राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवण्यासाठी मराठीत सलग, भरवशाचे पुस्तक मिळेना, म्हणून टिपणे वाढत गेली आणि टिपणांची पुस्तके झाली. या उगमाकडे लक्ष दिले पाहिजे. जो माणूस दुसऱ्यासाठी ग्रंथ वाचून त्याचे सार काढतो, त्याला रोज एकच निर्णय घ्यावा लागतो: ऐकणाऱ्याला यातले काय हवे आहे? सरदेसायांची सगळी घडण या रोजच्या निर्णयात झाली. पुण्यातील संशोधकांनी पुढे त्यांना संकलक म्हणून हिणवले, तेव्हा त्यांचा रोख नेमका या सवयीवर होता.

१८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत' प्रसिद्ध झाली, १९०२ मध्ये 'मराठी रियासती'चा पहिला भाग आला आणि नंतर 'ब्रिटिश रियासत'. हिंदुस्थानचा अर्वाचीन इतिहास अशी एकूण योजना होती. आज ही नावे इतकी सवयीची झाली आहेत की त्यांतला धाडसीपणा जाणवत नाही. त्या काळच्या शालेय पुस्तकांत हिंदू, मुसलमान आणि इंग्रज अशा तीन कालखंडांची चौकट ठरलेली होती. मोगलांची पडती आणि इंग्रजांची चढती यांच्यामध्ये मराठ्यांना एखादे प्रकरण मिळे, तेही बहुधा लुटारूंचे. सरदेसायांनी मुसलमानी आणि ब्रिटिश यांच्या मध्ये तिसरी, स्वतंत्र रियासत घातली. दीडशे-पावणेदोनशे वर्षे या देशात एक सत्ता होती आणि तिचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे, हे त्यांनी नुसत्या अनुक्रमणिकेतून सांगून टाकले.

परंतु शीर्षकाने एक गोष्ट आत घेतली तशी दुसरी बाहेरही ठेवली. रियासत म्हणजे राज्यसत्ता. राजे, पेशवे, सरदार, मोहिमा, तह, गादीचे तंटे हा तिचा विषय. कुणबी, बलुतेदार, सावकार, गावचा पाटील हे त्या शब्दाच्या कक्षेत सहजी येत नाहीत. दुसरा मार्ग सरदेसायांसमोर होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर इंग्रजीत आटोपशीर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी लढायांची यादी कमी करून महाराष्ट्रातील संतांना एक स्वतंत्र प्रकरण दिले, शिवाजी महाराजांचा विचार राज्यकारभार करणारा पुरुष म्हणून वेगळा केला, चौथ-सरदेशमुखीचे मूळ शोधले. १८२६ मध्ये ग्रँट डफने तीन खंडांत जे लिहिले होते, त्यात सैन्याच्या हालचाली आणि तह यांना अग्रस्थान होते. राज्य उभे करणारा समाज त्यात फारसा दिसत नव्हता. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये, विद्यार्थीदशेतच, ग्रँट डफवर टीका करून मराठी इतिहास मराठी कागदांवरून लिहिण्याची हाक दिली होती. म्हणजे सरदेसाई लिहू लागले तेव्हा दोन नमुने तयार होते. एक मोहिमांचा, एक समाजाच्या जागृतीचा. त्यांनी रानड्यांची सहानुभूती घेतली आणि मांडणी मात्र पुष्कळशी ग्रँट डफच्या वळणाची ठेवली. हा माझा निष्कर्ष कोणाला कठोर वाटेल, पण रियासतीची प्रकरणे चाळून पाहणाऱ्यास तो टाळता येणार नाही.

पहिला भाग छापून होतो न होतो तोच पायाखालची जमीन हलू लागली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला होता. वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दफ्तरातून एकामागून एक पत्रे प्रसिद्ध करीत होते. पारसनीसांची भर वेगळीच. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांच्या कोनाड्यांतून मोडी कागद बाहेर येऊ लागले. राजवाडे आणि त्यांच्या परंपरेतील मंडळी यांचा आग्रह असा की, अस्सल कागद पुरते गोळा होईपर्यंत समग्र इतिहास लिहिण्याची घाई करू नये. या आग्रहात तत्त्वनिष्ठा होती. पण कागद पुरते केव्हा गोळा होतात? राजवाड्यांनी बावीस खंड काढले, त्यांना अद्वितीय प्रस्तावना जोडल्या, आणि मराठी राज्याचा सलग इतिहास न लिहिताच १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास त्यांचे निधन झाले.

सरदेसायांनी उलट बाजू धरली. जे हाती आहे त्यावरून आज लिहावे, उद्या नवे निघाले तर फिरून लिहावे. १९०२ चा भाग त्यांनी तसाच पूजेला ठेवला नाही. १९२० नंतर मध्य विभागाचे चार भाग आले, मग उत्तर विभागाचे तीन, आणि हे सारे उरकून झाल्यावर सत्तरीत त्यांनी पुन्हा मुळाशी जाऊन शिवकाल नव्याने लिहिला. घर बांधून झाल्यावर पाया परत खणण्याचा हा प्रकार होता. सामान्य वाचकाला त्यामुळे फार मोठा लाभ झाला. संशोधकांच्या वादात ज्याला गम्य नाही, अशा शाळामास्तराच्या, वकिलाच्या, कारकुनाच्या घरी रियासतीचे भाग पोहोचले आणि पुढे मराठीत ज्या ऐतिहासिक कादंबऱ्या व नाटके आली, त्यांच्या लेखकांना हाताशी एक संदर्भग्रंथ मिळाला.

रियासतीच्या भागांना त्यांनी दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. शककर्ता शिवाजी, उग्रप्रकृती संभाजी, स्थिरबुद्धी राजाराम, पुण्यश्लोक शाहू. एका राजवटीचा सारांश एका विशेषणात! यापेक्षा संक्षिप्त इतिहास असू शकत नाही, आणि संक्षेपाचा धोकाही इथे जितका दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही. शाहूच्या बाबतीत त्या विशेषणाने न्याय केला. पेशव्यांच्या पराक्रमापुढे शाहू म्हणजे साताऱ्याच्या गादीवर बसलेला सुखासीन धनी, अशी समजूत रूढ होती. माणसे पारखून त्यांना मोकळीक देणारा, आपसातले तंटे मिटवत राहणारा राजा म्हणून सरदेसायांनी शाहूला त्याची जागा परत दिली. बाळाजी विश्वनाथ, पहिला बाजीराव, रघूजी भोसले, पिलाजी गायकवाड ही सारी माणसे ज्याच्या राजवटीत मोठी झाली, त्याला वगळून अठराव्या शतकाचा पूर्वार्ध सांगता येत नाही, हे त्यांनी पटवून दिले.

संभाजी महाराजांच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. उग्रप्रकृती हे विशेषण बखरींच्या वळणाने आलेले आहे. मल्हार रामराव चिटणीसासारख्यांच्या बखरी त्या काळानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिल्या गेल्या आणि त्यांत चिटणीस घराण्याचे जुने दुखणेही मिसळलेले होते. त्या घराण्यातील बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. औरंगजेबाच्या प्रचंड सैन्याशी, जंजिऱ्याच्या सिद्दीशी आणि गोव्याच्या पोर्तुगीजांशी एकाच वेळी नऊ वर्षे टक्कर देणाऱ्या राजाचा कारभार त्या एका शब्दामागे झाकला गेला. वा. सी. बेंद्रे यांचा संभाजी महाराजांवरील चरित्रग्रंथ १९६० मध्ये आला, कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' १९७१ मध्ये. तेव्हा कुठे ते चित्र पालटले. सरदेसायांना बेंद्र्यांचा ग्रंथ पाहायला मिळाला नाही. तो मिळता, तर फिरून लिहिण्याची त्यांची सवय पाहता, त्यांनी ते विशेषण कायम ठेवले असते की नाही, याची मला शंका आहे.

पानिपतचे उदाहरण वेगळ्या जातीचे. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसासाठी आणि त्याच्या मागच्यापुढच्या घटनांसाठी रियासतीत एक पूर्ण भाग आहे. मराठी वाचकाची ती गरज होती. ज्या घरांतून माणसे गेली आणि परत आली नाहीत, त्या घरांच्या वंशजांना प्रत्येक पत्र, प्रत्येक मुक्काम हवा होता. तोच विषय इंग्रजी तीन खंडांत आला तेव्हा तो आकसला. उत्तरेतील मराठ्यांच्या राजकारणाच्या ओघात त्याला बसवले गेले. तिथीवार तपशील गाळून कारणे ठेवली गेली. मराठी वाचकाच्या दुःखाला जेवढी जागा लागते, तेवढी देशभरच्या वाचकाच्या आकलनाला लागत नाही.

हा फरक त्यांना प्रथम पाटण्यास शिकावा लागला. १९२६ मध्ये पाटणा विद्यापीठात त्यांनी मराठ्यांच्या इतिहासातील मुख्य प्रवाहांवर इंग्रजीत व्याख्याने दिली आणि ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. श्रोत्यांना सखारामबापू आणि नाना फडणीस यांच्यातला फरक ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वंशावळी, कारस्थाने, सरंजामांची वाटणी हे सगळे इथे बाजूला ठेवणे भाग होते. उरले ते थोडे प्रश्न: ही सत्ता कशासाठी उभी राहिली, ती महाराष्ट्राबाहेर का पसरली, तिच्या हातून काय घडले आणि ती का टिकली नाही? शिवाय बंगाल-बिहारच्या स्मरणात मराठा म्हणजे बर्गी. नागपूरकर भोसल्यांच्या १७४२ नंतरच्या स्वाऱ्यांची दहशत तिथल्या अंगाईगीतांत उतरलेली आहे. पुण्यात बोलताना वक्त्याला या स्वाऱ्या चौथाईच्या हक्काच्या सदरात टाकून पुढे जाता येत असे. ज्यांच्या पूर्वजांनी ती चौथ भरली, त्यांच्यासमोर तसे करणे अवघड होते. मराठी राज्याचा थोडक्यात इतिहास मराठी मुलखाबाहेर सांगताना, ज्यांच्यावर ते राज्य चालून गेले त्यांनाही त्यात जागा द्यावी लागते. सरदेसायांचा कल अखेरपर्यंत मराठ्यांच्या उद्दिष्टांकडे सहानुभूतीने पाहण्याचा राहिला. त्यांच्या लिखाणातील ही बाजू मला दुबळी वाटते.

त्यांना ही कमतरता दाखवून देणारा मित्र मात्र लाभला होता. सर जदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १९०४ च्या सुमारास सुरू झाला आणि अर्धशतकाहून अधिक काळ चालला. एक मोगलांचा अभ्यासक, फार्सी कागदांवर हुकमत असलेला. दुसरा मराठ्यांचा, मोडीत मुरलेला. सरकारांना मोडी पत्रांचा अर्थ लागला नाही की ते सरदेसायांना विचारीत, सरदेसायांना फार्सी अखबाराची गरज पडली की ते सरकारांना. मराठ्यांच्या स्वाऱ्यांविषयी सरकारांची लेखणी कडक होती. १९१९ मधील त्यांच्या शिवचरित्राने पुण्यात संताप उसळला होता आणि सरदेसायांची त्यांच्याशी असलेली मैत्री अनेकांना खुपत होती. दोघांची मते जुळत नव्हती, मैत्री तुटली नाही.

१९२५ मध्ये बडोद्याची नोकरी सोडून सरदेसाई पुणे-मुंबई लोहमार्गावरील कामशेत येथे, इंद्रायणीच्या काठी येऊन राहिले. त्यांचा मुलगा श्यामकांत शांतिनिकेतनात शिकला होता, पुढे उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेला होता. ऐन तारुण्यात त्याचा मृत्यू झाला. त्याची पत्रे पुढे पुस्तकरूपाने निघाली. आयुष्यभर इतरांची पत्रे निवडून छापणाऱ्या माणसाच्या घरातले हे पुस्तक.

कामशेतला आल्यावर काही वर्षांतच त्यांच्यावर आयुष्यातील सर्वांत मोठी निवड येऊन पडली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती पेशव्यांचे दफ्तर आले. इनाम कमिशनने आणखी कागद जमा केले. पुण्यात हे सारे एका खास इमारतीत रुमालांमध्ये बांधून ठेवलेले होते. रुमालांची संख्या पस्तीस हजारांच्या आसपास सांगितली जाते, आणि एका रुमालात शेकडो कागद. सरकारला या कागदांची गरज इनामांचे हक्क तपासण्यापुरती होती. उलट दाव्यांना त्यातून पुरावा मिळेल या धास्तीने संशोधकांना दार बंद होते. रानड्यांच्या प्रयत्नांनंतर गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून काढलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले होते. त्यापलीकडे फारसे काही बाहेर आले नव्हते.

सरकारांच्या पाठबळाने मुंबई सरकारने हे काम सरदेसायांवर सोपवले. ते तेव्हा पासष्टीच्या घरात होते. थोडे मदतनीस, ठरावीक मुदत, ठरावीक पैसा. १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड छापून निघाले. हा वेग पाहून आजही छाती दडपते. पहिला खंड उदगीरच्या लढाईवर, दुसरा पानिपतवर, एक वसईच्या मोहिमेवर, काही पेशव्यांच्या खासगी जीवनावर. सामाजिक आणि धार्मिक बाबींच्या वाट्याला एखादाच खंड आला. उरलेला बहुतेक ऐवज राजकीय. नेमणूकच अशी होती की राज्याच्या इतिहासावर नवा प्रकाश टाकणारे कागद शोधावेत; आणि प्रकाश कशाला म्हणायचे ते रियासतीच्या चौकटीने आधीच ठरवले होते. नवी माहिती देणारे पत्र दिसले की ते बाजूला निघे. गावाची जमाबंदी, ताळेबंद, जकातीचा हिशेब, वतनाच्या तंट्यातील करिना, दुष्काळात दिलेली सूट, कारखान्यांचे रोजमुरे असले कागद बहुतांशी पुन्हा रुमालात बांधले गेले. वाड यांनी रोजकीर्दींतून जे उतारे निवडले, त्यांत कारभार, न्याय, शिक्षा, व्यापार यांना चांगले स्थान होते. एकाच दफ्तरातून दोन माणसांनी उचललेले कागद शेजारी ठेवले तर दोन वेगळी राज्ये वाटतील.

पुण्यात या कामावरून मोठे वादळ उठले. मंडळातील विद्वानांचे म्हणणे असे की, हा ठेवा सगळ्यांचा आहे. एका माणसाला आत घेऊन इतरांना दाराबाहेर उभे करणे अन्यायाचे आहे. घाईमुळे वाचनात चुका राहिल्या, काही कागदांच्या तारखा चुकल्या, महत्त्वाचे कागद निसटले, हेही आक्षेप होते आणि त्यांतले पुष्कळ खरे होते. दत्तो वामन पोतदारांसारखे मंडळाचे धुरीण दफ्तर खुले व्हावे म्हणून सतत मागणी करीत राहिले. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते. सगळ्यांना दार उघडावे आणि सगळे छापावे असे म्हणत बसले असते, तर काहीच छापले गेले नसते. या भांडणात व्यक्तिगत कडवटपणा भरपूर होता. दीपेश चक्रवर्ती यांनी २०१५ मध्ये जदुनाथ सरकारांवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात हे प्रकरण सविस्तर आले आहे आणि तो वाचताना दोन्ही पक्षांविषयी आदर वाटतो. १९३३ मध्ये सरदेसायांनी दफ्तराची एक मार्गदर्शिकाही काढली. कोणत्या भागात कोणत्या तऱ्हेचे कागद आहेत हे सांगणारी ती पुस्तिका आहे. आपण जे घेतले नाही ते कुठे आहे, हे सांगण्याची त्यांना बुद्धी झाली, याचे श्रेय त्यांच्या टीकाकारांनी क्वचितच दिले.

दफ्तराचे काम संपले तेव्हा सत्तरी जवळ आली होती. पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराच्या मालेत त्यांनी सरकारांबरोबर संपादन केले. आणि मग अखेरचा संक्षेप: 'न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज'. तीन खंड १९४६ ते १९४८ या काळात निघाले. पहिल्यात शिवाजी महाराज आणि त्यांचा वंश, दुसऱ्यात सत्तेचा विस्तार, तिसऱ्यात अस्त. पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड, राजवाडे, खरे, पारसनीस, फार्सी अखबार, इंग्रजी पत्रव्यवहार हे सगळे पोटात घेऊन तीन खंडांत बसवायचे, तर प्रत्येक पानावर वगळण्याचा निर्णय घ्यावा लागला असणार.

त्यातील एका निर्णयाकडे मुद्दाम लक्ष वेधतो. या इतिहासाचा शेवट १८१८ मध्ये होत नाही, १८४८ मध्ये होतो. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले की मराठी राज्य संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे आणि पुण्यापुरती ती खरी आहे. परंतु राज्य छत्रपतींचे होते. १८१८ नंतर साताऱ्यास इंग्रजांच्या छायेखाली का होईना, प्रतापसिंह महाराज कारभार करीत होते. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले, तिथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडत राहिले. १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजी वारले आणि दत्तक नामंजूर करून सातारा खालसा झाला. ही तीस वर्षे आत घेतली की पेशवाई हा राज्याचा एक भाग ठरतो. वगळली की पेशवाई हेच राज्य होऊन बसते. पेशव्यांच्या दफ्तरात उमेद घातलेल्या, पेशव्यांविषयी आत्मीयता असलेल्या लेखकाने शेवटची तारीख छत्रपतींच्या गादीवरून ठरवली. गायकवाडांच्या चाकरीत घालवलेली छत्तीस वर्षे यामागे कितपत होती, हे कोण सांगणार! पुण्याबाहेरून मराठी राज्याकडे पाहण्याची सवय तिथे लागली असावी, एवढे म्हणता येते.

१९५६ मध्ये 'माझी संसारयात्रा' हे आत्मचरित्र आले, १९५७ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच सुमारास ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचा संग्रह सरकारने प्रसिद्ध केला. नव्वदी ओलांडल्यावरही ते कोणाचा कोण हे जुळवीत बसले होते. १९५८ च्या मे महिन्यात जदुनाथ सरकार गेले. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेत येथे सरदेसायांचे निधन झाले. वय चौऱ्याण्णव.

त्यांनी परत बांधून ठेवलेले रुमाल पुढच्या पिढ्यांनी सोडले. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांची न्यायव्यवस्था अभ्यासली, ती तर सरदेसायांच्या हयातीतच. अ. रा. कुलकर्णी यांनी शिवकालीन महाराष्ट्राची शेती, गावगाडा आणि महसूल यांची मांडणी केली. जपानहून आलेले हिरोशी फुकाझावा वतनदार, बलुतेदार आणि जातिव्यवस्था यांच्या शोधात मोडी शिकून या कागदांत शिरले. १९९३ मध्ये स्टुअर्ट गॉर्डन यांनी १६०० ते १८१८ या काळातील मराठ्यांवर एका खंडाचा छोटेखानी इतिहास लिहिला. त्यात जमिनीवर हक्क असलेली देशमुख घराणी, कसणारी गावे, घोडदळाचा खर्च आणि वसुलीची यंत्रणा आधी येते; राजे त्यांच्या पाठोपाठ येतात. पानिपतला मोजकी पाने आहेत. शेवट १८१८ मध्ये.

मराठी रियासत पॉप्युलर प्रकाशनाने स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली पुन्हा आठ खंडांत काढली. दरम्यानच्या संशोधनाची भर त्या आवृत्तीत आवश्यक तिथे घातली आहे. सरदेसायांची मूळ मांडणी, त्यांच्या विशेषणांसह, तशीच आहे.